११ वर्षांच्या मुलीला युद्धाचे सिनेमे दाखवायचे का, आणि दाखवायचे तर कुठून सुरुवात करायची?

विजापूररोड_आई

लिहू की नको करत पंधरा दिवस गेले, आज लिहितेच. लेक ११ वर्षांची आहे, सहावीत. मागच्या महिन्यात मोठ्या जाऊबाईंकडं राहायला गेली होती, तिथं कॉलेजात जाणाऱ्या तिच्या चुलतभावानं जपानी कार्टून आहे म्हणून ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज लावला. त्याला तरी काय बोलणार, डोरेमॉनच्या देशातली हातानं काढलेली सुंदर चित्रं, कार्टून म्हणजे पोरांचंच असं आपण सगळेच धरून चालतो. मोठी माणसं आत स्वयंपाकघरात होती.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते. १९४५ साल, जपानमधलं कोबे शहर, अमेरिकन विमानं आगीचे बॉम्ब टाकतात, त्यात आई भाजून जाते. १४ वर्षांचा सेइता आणि ४ वर्षांची सेत्सुको, भाऊबहीण दोघंच उरतात आणि उपासमारीनं दोघंही जातात. सुरुवातीलाच तो मुलगा स्टेशनात खांबाला टेकून मरताना दाखवलाय, म्हणजे पोरं वाचतील ही आशासुद्धा सिनेमा ठेवत नाही.

घरी आली तेव्हा काहीच बोलली नाही. खाणंपिणं, अभ्यास सगळं नेहमीसारखं. आठवड्यानं दप्तराला मुंग्या लागल्या म्हणून मी दप्तर गॅलरीत नेऊन झटकलं तर कंपासपेटीत वहीच्या कागदात गुंडाळलेल्या लिमलेटच्या गोळ्या, मोजून १३. त्या सिनेमात भावाकडं फळांच्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा असतो, गोळ्या संपल्यावर तो डब्यात पाणी घालून हलवतो आणि ते गोड पाणी बहिणीला पाजतो. मला सिनेमा माहीत होता त्यामुळं बघितल्याबरोबर कळलं. तरी विचारलं, कशाला गं ठेवल्यास? तर म्हणाली, बाळासाठी, काय झालं तर असू दे. आमचं धाकटं ४ वर्षांचं आहे.

मी तिथंच फरशीवर बसले. आठवडाभर एकटीच मनात धरून होती पोरगी.

आता प्रश्न असा की हे सगळं तिच्यापासून लांब ठेवायचं, का आपणच नीट हात धरून दाखवायचं? मला लांब ठेवणं पटत नाही, पण पुढचं पाऊल टाकायची भीती वाटते. तुमच्याकडं काय केलंत ते सांगा.

रात्रपाळी

ताई, वाचून पोटात गोळा आला. माझं मत सरळ आहे, १३ च्या आत नको. सेन्सॉर बोर्डानं २०२४ पासून यूए प्रमाणपत्राचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग केलेत ते काहीतरी विचार करूनच ना? पोरं आधीच मोबाईलवर रोजचं युद्ध बघतात, पडलेल्या इमारती, रडणारी माणसं, एका बोटानं वर ढकलली की पुढं डान्सचा व्हिडिओ. त्यात आपण घरी बसवून अजून कशाला दाखवायचं. मोठी झाल्यावर आयुष्यभर बघायचंच आहे. बालपण एकदाच मिळतं, तेवढं तरी राहू द्या.

मास्तर_सातरस्ता

रात्रपाळी, तुमची काळजी कळते, पण एक विचारतो. चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास आहे. प्रतापगडाची भेट, वाघनखं, सगळं नऊ वर्षांचं पोर शिकतं, गॅदरिंगला त्यावर नाटुकलं बसवतो आपण आणि आईबाप टाळ्या वाजवतात. तिथं कोणी वय विचारत नाही. कारण ती गोष्ट मुलाला कोणीतरी सांगत असतं, आजीच्या मांडीवर, वर्गात, पोवाड्यात. मूल एकटं नसतं. ताईंच्या लेकीच्या बाबतीत सिनेमापेक्षा तिचं एकटं असणं जास्त लागलंय असं मला वाटतं.

माझ्या हातून झालेली चूक सांगतो. नोकरीला नवीन होतो, ६ ऑगस्टला हिरोशिमा दिन म्हणून पाचवी ते सातवीची मुलं हॉलमध्ये खाली बसवली, पडदे ओढले आणि अणुबॉम्बवरची फिल्म लावली. भाजलेली माणसं, कातडी लोंबणारी मुलं, सगळं होतं तिच्यात. संपली, दिवे लागले, घंटा झाली, पुढचा तास गणिताचा. मी स्वतः जाऊन अपूर्णांक शिकवले त्यांना. फिल्मबद्दल एक अक्षर बोललो नाही कारण मलाच काय बोलावं सुचत नव्हतं. मागच्या बाकावरचा एक मुलगा तासभर फळ्याकडं न बघता स्वतःच्या हाताची कातडी चिमटीत धरून बघत होता. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी तो हात डोळ्यासमोरून जात नाही.

करवीरकर

माहेर कोल्हापूर, सासर सोलापूर, म्हणून दोन्हीकडचं सांगते. दुसरं महायुद्ध म्हणजे लांब युरोपात काहीतरी झालं असं आमच्या पोरांना वाटायचं. मग मे महिन्याच्या सुट्टीत त्यांना वळिवड्याची गोष्ट सांगितली. कोल्हापूरच्या शेजारचं वळिवडे. १९४३ पासून युद्ध संपून दोनतीन वर्षं होईपर्यंत तिथं पाचेक हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि पोरं. रशियानं त्यांना घरातून उचलून सैबेरियाकडं नेलं होतं, तिथून सुटून इराणमार्गे इकडं आले. त्यांची शाळा, चर्च, सगळं वळिवड्यात होतं. तसंच जामनगरजवळ बालाचडीला तिथल्या महाराजांनी पोलिश अनाथ मुलांना ठेवून घेतलं होतं.

माझ्या मुलाचा पहिला प्रश्न, ती पोरं तिखट खायची का? त्यावर आम्ही तास दीड तास बोललो, काय खात असतील, मराठी येत असेल का, थंडीतल्या देशातली पोरं आपल्या एप्रिलमध्ये काय करत असतील. त्यातूनच मग आईबाप कुठं होते त्यांचे हा प्रश्न आला, आणि तो मी नाही काढला, त्यानं काढला. मरण सांगायचंच होतं पण ते जेवणाच्या मागून आलं. सिनेमा त्यानंतर सहा महिन्यांनी दाखवला.

अशोकचौक

ताई मी पण हेच म्हणणार होतो, घराजवळून सुरू करा. माझं पोरगं रोज शाळेला जाताना चार पुतळ्यावरून जातंय. एक दिवस विचारूलालंय, पप्पा हे चार जण कोण? मला लाज वाटली की इतकी वर्षं झाली आपण सांगितलंच नाही. मग गाडी बाजूला लावून तिथंच सांगितलं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. मे १९३० मध्ये सोलापुरात इंग्रजांचं राज्य दोनतीन दिवस नव्हतंच, मग मार्शल लॉ म्हणजे लष्करी कायदा लावला, तिरंगा हातात धरला तरी तुरुंग, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याला चौघांना फाशी. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा, एक मारवाडी, आपलं सोलापूरच उभं आहे तिथं. पोरगं ऐकून गप्प. मग म्हणतंय, म्हणजे सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या वेळेलाच की. हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं बघा. इकडं संक्रांत तोंडावर आलेली, आणि तिकडं त्या चार घरात काय झालं असेल.

आणि युद्धाचंच पाहिजे असेल तर आपल्या भैय्या चौकात कोटणीसांचं घर आहे ना! अख्खं चीन ओळखतंय त्यांना आणि आपली पोरं विचारतात कोण कोटणीस.

मास्तर_सातरस्ता

अशोकचौक, लाख बोललात. डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जन्म १९१० चा, इथलाच, सोलापूरचा. जपाननं १९३७ मध्ये चीनवर मोठं आक्रमण केलं, चीनकडून मदतीची विनंती आली आणि १९३८ मध्ये सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना पाच डॉक्टरांचं पथक गेलं. अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि कोटणीस. चौघं परत आले, कोटणीस नाही आले. तिकडं असतानाच वडील गेल्याचं कळलं तरी थांबले. डोंगरातल्या खेड्यापाड्यांत जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले, तिथंच क्वो छिंगलान नावाच्या नर्सशी लग्न केलं, मुलगा झाला, त्याचं नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ ला गेले, वय ३२. मुलगा तेव्हा काही महिन्यांचा.

त्यांच्यावर व्ही. शांतारामांनी १९४६ मध्ये डॉ. कोटणीस की अमर कहानी काढला, स्वतःच कोटणीस झाले, जयश्रीबाई त्यांच्या बायकोच्या भूमिकेत. कृष्णधवल आहे, यूट्यूबवर सापडतो. ११ वर्षांच्या मुलीला मी हाच दाखवेन. यात मरण आहे, जखमा आहेत, पण मध्ये एक माणूस आहे जो काहीतरी करतोय. पहिल्या ओळखीला मुलाला असा माणूस पाहिजे ज्याचा हात धरता येईल. सेइता आणि सेत्सुकोचा हात धरायला त्या सिनेमात कोणीच येत नाही, म्हणून तो मोठ्यांनाही सोसत नाही.

रात्रपाळी

हे ठीक आहे, पटलं थोडं. पण मास्तर, मग ज्यूंच्या छळावरचं काय? माझ्या बहिणीच्या मुलांना शाळेतून बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज बघायला सांगितला, का तर मुलांच्या नजरेतून आहे म्हणून.

मास्तर_सातरस्ता

मुलांच्या नजरेतून आहे म्हणजे मुलांसाठी आहे असं नाही. त्यात एक लहान ज्यू मुलगा छावणीच्या कुंपणाशी येऊन बाहेरच्या मुलाशी रोज गप्पा मारतो. खऱ्या आउशवित्झमध्ये, म्हणजे नाझींच्या छळछावणीत, लहान मुलांना बहुतेक करून आल्या दिवशीच गॅस चेंबरमध्ये पाठवत, आणि कुंपणाच्या तारांमध्ये वीज खेळवलेली असायची. तिथल्या स्मृतिसंग्रहालयानंही २०२० मध्ये सांगितलं की इतिहास शिकणाऱ्याशिकवणाऱ्यांनी हा सिनेमा ज्यावर काढलाय ते पुस्तक टाळावं. माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. शेवटी आपल्याला रडू येतं ते जर्मन अधिकाऱ्याच्या मुलासाठी, चुकून आत गेला म्हणून. बाकीचे जे रोज जात होते ते मागे धूसर राहतात. मुलाच्या मनात तेच बसतं. त्यापेक्षा अ‍ॅन फ्रँक या लपून राहिलेल्या ज्यू मुलीच्या डायरीतली चार पानं बरोबर बसून वाचा. १३ व्या वाढदिवसाला मिळालेली वही, आईशी भांडणं, वरच्या खोलीतला मुलगा. सहावीतल्या मुलीला ती मैत्रीण वाटते. नंतर तिचं काय झालं ते सांगावं लागतंच, पण तोपर्यंत ती ओळखीची झालेली असते.

परिचारिका

मुलांच्या वॉर्डात बरीच वर्षं काढली म्हणून चार गोष्टी लिहिते, डॉक्टर नाही मी. रात्री दाखवू नका, सकाळी नाहीतर दुपारी दाखवा, म्हणजे नंतर खाली खेळायला जाता येतं. अंधार करू नका खोलीत. आवाज कमी ठेवा, भीती चित्रापेक्षा आवाजानं जास्त बसते, विमानाचा, किंकाळीचा. रिमोट मुलीच्या हातात द्या, तुमच्या नको. तिला थांबवता आलं पाहिजे आणि का थांबवलं ते विचारायचं नाही. धाकट्याला त्या वेळी दुसऱ्यांकडं ठेवा. शेजारी चिकटून बसा.

आणि संपल्यावर काय शिकलीस असं विचारू नका हो. वॉर्डात पण बघितलंय, मूल खरं बोलतं ते तिसऱ्या दिवशी, वेणी घालताना नाहीतर गाडीवर मागे बसल्यावर, म्हणजे तुमचं तोंड दिसत नसतं तेव्हा. तेव्हा हातातलं काम चालू ठेवून ऐका. लिमलेटच्या गोळ्या टाकून दिल्या नाहीत ना?

विजापूररोड_आई

नाही टाकल्या. मुंग्या झाडून बरणीत भरल्या, बरणी फडताळात वरच्या फळीवर ठेवली आणि तिला सांगितलं, बाळासाठी आहेत, काही झालं तर इथून घ्यायच्या, फक्त तू एकटीनं सांभाळायचं नाही, मी पण आहे. ती हो म्हणाली आणि मग खूप रडली. महिन्यानं.

सगळ्यांचे आभार, पुढच्या रविवारी काय झालं ते लिहिते.

विजापूररोड_आई

(पंधरा दिवस झाले, उशीर झाला.)

आधी भैय्या चौकात गेलो, ती, मी आणि सासूबाई. रस्त्यावरून शंभरदा गेलोय, आत पहिल्यांदा. ती कोटणीसांच्या फोटोंपाशी बराच वेळ उभी. घरी येताना रिक्षात म्हणाली, म्हणजे ते इथंच खेळले असतील, सिद्धेश्वराच्या तळ्यावर गेले असतील. सासूबाई म्हणाल्या, गेले असतील की, सोलापूरचं पोर तळ्यावर गेलं नाही असं होतंय का. बस्स, तिथून ते तिचेच झाले.

सिनेमा पुढच्या रविवारी सकाळी, दोन बैठकींत. रिमोट तिच्याकडं. चार वेळा थांबवला. एकदा पाणी प्यायला, एकदा नुसताच. धाकटा खाली शेजाऱ्यांकडं. संपल्यावर मी गप्प बसले, परिचारिकाताई, फार अवघड असतं हो गप्प बसणं, जीभ चावून बसले.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडं चिडूनच आली. आई, सिनेमात ते प्लेगनं मरतात, पण आपण वाचलं ना की ते फिट येऊन गेले? मग सिनेमात खोटं का दाखवलं? मास्तर, तुम्ही हे आधी सांगितलं नव्हतं आणि बरं झालं नाही सांगितलं. आम्ही बसून बोललो की खरं तर त्यांना अपस्माराचे झटके यायचे, तसे आजारी असताना पण काम करत राहिले. सिनेमावाल्यांना वाटलं असेल की फिट येऊन मेलेला माणूस हिरो दिसणार नाही. ती म्हणाली, पण तेच तर जास्त मोठं आहे ना, आजारी असून काम करणं. तिच्या वर्गात एक मुलगी आहे तिला फिट येते.

आणि तिसऱ्या दिवशी खरंच वेणी घालतानाच निघालं. "आई, यात जपानी लोक वाईट आहेत. पण सेत्सुको पण जपानीच होती ना?"

कंगवा हातात तसाच. मला उत्तर येत नव्हतं. मी म्हणाले हो, जपानीच होती. ती म्हणाली, मग तिच्या बाबांनी चीनमधल्या माणसांना मारलं असेल का? ते नौदलात होते. मी म्हणाले, माहीत नाही गं, त्यांच्या देशाच्या सैन्यानं खूप माणसं मारली हे खरं आहे. आणि विमानातून टाकलेल्या बॉम्बनं तिची आई गेली आणि ती उपाशी मेली हे पण खरं आहे. ती म्हणाली, तिनं काय केलं होतं? मी म्हणाले, काही नाही. मग दुसरी वेणी होईपर्यंत दोघी गप्प.

मास्तर, बरोबर बोलले का मी? रात्रभर तेच डोक्यात आहे.

मास्तर_सातरस्ता

ताई, मी तीस वर्षं इतिहास शिकवला, यापेक्षा बरोबर उत्तर मला देता आलं नसतं. फक्त एक सुचवतो. दोन्ही खरं आहे म्हटल्यावर दोन्ही बाजू सारख्याच असं तिला वाटू देऊ नका. युद्ध कोणी सुरू केलं, चीनमध्ये कोण घुसलं, हे तारखेनिशी सांगा, जुलै १९३७. चीनमधल्या नानकिंगला त्या डिसेंबरात जे झालं ते आत्ता नको, तिथे भयंकर अत्याचार झाले एवढंच पुरे, बाकी दहावीनंतर. पण सैन्यानं केलेला गुन्हा चार वर्षांच्या मुलीच्या नावावर मांडायचा नाही हे तिला आत्ताच कळलंय, आणि ते तिचं तिला कळलंय. दोन सिनेमे शेजारी ठेवल्याशिवाय हा प्रश्न पडला नसता.

हिरोशिमाची सादाको पण सांगा कधीतरी. बॉम्ब पडला तेव्हा २ वर्षांची, १२ व्या वर्षी रक्ताच्या कर्करोगानं गेली, दवाखान्यात कागदाचे करकोचे करत होती. तुमच्या लेकीच्याच वयाची.

रात्रपाळी

ताई, तुमच्या लेकीचा प्रश्न वाचून मी नवऱ्याला पण वाचून दाखवला. मी अजूनही माझ्या दहा वर्षांच्याला तो फायरफ्लाइज दाखवणार नाही, त्यावर ठाम आहे. पण मोबाईलवर तो जे बघतो ते मी शेजारी बसून कधीच बघितलं नव्हतं, काल बसले. एक पडलेली इमारत आली, त्यानं बोट लावलं वर ढकलायला, मी म्हणाले थांब, ही कुठली आहे? त्याला माहीत नव्हतं, मलाही. मग शोधलं दोघांनी. कोटणीसांचा सिनेमा दाखवायला माझी हरकत नाही, पण माझ्याकडं टीव्ही बंद पडलाय आणि मोबाईलवर दाखवायचा नाही.

अशोकचौक

मग सगळे मिळूनच बघू की. आमच्या कारखान्यात मागची खोली रिकामी आहे, रविवारी माग बंद असतात, आवाज नाही. भिंत पांढरी आहे, भावाकडं प्रोजेक्टर आहे लग्नाच्या शूटिंगचा. खाली चादरी अंथरतो, चादरीची काय कमी नाही आपल्याकडं. ज्यांची पोरं दहाच्या वर त्यांनी या, आईबाप बरोबर पाहिजेतच, सोडून जायचं नाही.

करवीरकर

मी येते दोघांना घेऊन. धपाटे आणि शेंगाचटणी माझ्याकडं. सकाळी दहाला लावला तर मध्ये थांबून खाता येईल.

परिचारिका

खिडक्या उघड्या ठेवा म्हणजे झालं. अंधार नको. चित्र फिकट दिसलं तरी चालेल.

अशोकचौक

खिडक्या उघड्या ठेवतो. आमच्या अव्वाला, म्हणजे आजीला, आणलं तर चालेल का? ८६ वर्षांची आहे, तेलुगू जास्त बोलते पण हिंदी समजतं. तिच्या आईनं मार्शल लॉ बघितला होता, त्याच्या गोष्टी सांगते ती. ऐकू जरा कमी येतं, पुढं बसवावं लागेल.

विजापूररोड_आई

आणा की, नक्की आणा. माझी लेक म्हणाली आहे, अव्वांच्या शेजारी मी बसते, त्यांना ऐकू नाही आलं तर मी सांगेन.